रेस दिली की बंद पडते

सोमवार, ३ नोव्हेंबर

आज परत जीप घाटात बंद पडली. बीडहून हिचं डायलिसिसचं मशीन संपवून येताना, दुसऱ्या वळणाच्या वर. चढाला रेस दिली तसा आवाज बसला, दोन गचके आणि गप्प. मागं ट्रक हॉर्न वाजवतोय. ही पुढच्या सीटवर डोळे मिटून. चार तास रक्त धुऊन आलेली बाई, तिला खाली उतर तरी कसं म्हणू.

चाकाला दगड लावला. बॉनेट उघडून डिझेल चढवायचा हातपंप मारला. डिझेल आहे का म्हणून झाकण सोडून बघितलं, टाकी भरलेली. झाकण लावलं, स्टार्टर मारला, तिसऱ्यांदा लागली. मांजरसुंब्यापर्यंत नीट आली.

तिथं रशीद मिस्त्रीच्या गॅरेजवर उभी केली. त्यानं जागेवर रेस दिली, हूं की चूं नाही. मला म्हणाला, "अण्णा, तुमच्यापेक्षा तरणी हाय गाडी."

"मग घाटात कावून मरती?"

"ते मला इथं बसून कसं कळंल? लिहून ठेवा. कुठं पडली, कितव्या गेरला, टाकीत किती, परत कशी लागली. डाक्टरला सांगतात तसं."

म्हणून ही वही. सातवीत शाळा सुटली, त्यानंतर एवढं सलग आजच लिहितोय. दुसरा गेर. टाकी फुल्ल. बंद १ वेळ.

संध्याकाळी पुण्याहून पोराचा, दत्ताचा फोन. "अण्णा, नीट पोचलात का?" पोचलो म्हणालो. पोचलो तर होतोच.

मंगळवार, ४ नोव्हें.

सकाळी वस्तीवर फिरून आलो. हाक मारली तर कोण येईल ते बघायला. दिवाळी झाली तशा टोळ्या ऊसतोडीला गेल्या. कुणी कड्याच्या कारखान्यावर, कुणी पार कर्नाटकात. दाराला कुलपं, अंगणात कुत्री. राहिलीत ती माझ्यासारखी, नाहीतर शाळेची लेकरं. शिवाजीची पिकअप होती, तीही टोळीबरोबर गेली. म्हणजे मार्चपर्यंत या वस्तीवर चार चाकं फक्त माझी.

एस.टी. फाट्यावर, फाटा चार किलोमीटर. उन्हाळ्यात एकदा नेलं हिला एस.टी.नं. येताना गाडीच्या पायरीवरच बसली. डावा हात मशीनच्या सुयांचा, त्यानं दांडी धरायची नाही. कंडक्टर म्हणाला, बाबा, आत तरी घ्या, नाहीतर खाली तरी. दोन्ही होईना.

सोमवार-गुरुवार. नऊला दवाखान्यात मशीनचा पलंग. दहाच्या पुढं गेलं की तो पलंग दुसऱ्या पेशंटला. त्यांचाही जीवच आहे, काय बोलणार.

वीस वर्षं हीच जीप नेकनूर-बीड चालवली, काळी-पिवळी म्हणून. बंद पडायची, नाही असं नाही. पण कारण सांगून पडायची. ही सांगत नाही.

गुरुवार, ६ नोव्हें.

काल मिस्त्रीनं डिझेलचा फिल्टर बदलला. जुना कापून दाखवला, काळा झालेला. आज जाताना ठीक. येताना घाटात ठीक! पंपावर रांग होती म्हणून भरलं नाही, टाकी निम्मी. तिसऱ्या गेरवर पूर्ण चढ घेतला. बंद शून्य.

वर आल्यावर हिला म्हणालो, फिल्टरच होता बघ. ती म्हणाली, "लगेच गावात सांगत फिरू नका."

आज तिला जरा हुशारी होती. पाण्याचा पेला मागितला. दिवसाचं पाणी तांब्यात मोजून ठेवतो, सांजेपर्यंत तेच. तिनं दोन घोट घेऊन तोंडात धरून ठेवलं, गिळायला वेळ लावला. मी पाणी प्यायला गोठ्याकडं जातो. तिला माहीत आहे.

शुक्रवार, ७ नोव्हें.

मांजरसुंब्याला जाऊन टाकी फुल्ल करून आणली. डिझेलची काळजी नको.

सोमवार, १० नोव्हें.

बंद ३ वेळा. तीन.

पहिली, घाट लागल्या लागल्या. झाकण सोडून बघितलं, टाकी जवळजवळ भरलेली, हातपंप मारला, लागली. दुसरी, हॉटेलच्या पाटीपाशी. परत तेच सगळं. तिसरी, माथ्याला शंभर पावलं राहिली असतील तेव्हा. दर वेळी चढाला रेस दिली की. जागेवर किंवा उताराला कधीच नाही. हळू चालवलं तर चालते, पण दुसऱ्या गेरला हळू चालवून तो चढ चढत नाही.

तिसऱ्यांदा झाकण हातातून पडलं, उतारानं घरंगळत गेलं. ट्रक येतोय आणि मी म्हातारा झाकणामागं पळतोय. ही काचेतून बघत होती. परत आलो तर म्हणाली, "हिला बी लावा की मशीन. आमी दोघी सोमवार-गुरुवार जाऊ."

मला हसू आलं नाही. तिला आलं. मग खोकला आला.

दत्ताचा फोन. त्याला कुणीतरी कळवलंच, फाट्यावरच्या चहावाल्याचा भाचा त्याच्याच कंपनीत आहे. "अण्णा, गाडी घाटात बंद पडते म्हणं?" मी म्हणालो, जरा फिल्टरचं होतं, झालं नीट. "आईला द्या." मी फोन देताना हिला हातानं खूण केली. ती माझ्याकडं बघत म्हणाली, "चांगली आली रे. काय न्हाई झालं."

तो म्हणाला, आई, परत तसं काही झालं तर मी तुला इकडंच आणणार. इथं सेंटर रिक्षाच्या अंतरावर आहे. त्याचं चूक नाही. काही चूक नाही त्याचं.

फोन ठेवून ही म्हणाली, "या वयात मला खोटं बोलायला लावता. वर गेल्यावर तुमचं तुमी निस्तरा."

दत्ताची एक खोली आणि पुढं गॅलरी. चार माणसं आधीच. हिला एक जागा होईल, मला नाही. मशीन सुरू झालं तेव्हा दोन महिने राहिली होती तिथं. आल्यावर म्हणाली, समद्यांनी लई केलं माझं, पण दिवसभर दार बंद, कुणाची हाकबी ऐकू येत न्हाई.

मी तिला इथं ठेवतोय ते तिच्यासाठी की माझ्यासाठी, हे

बुधवार, १२ नोव्हें.

दिवसभर गॅरेजवर. मिस्त्री म्हणतो, "कुठनं तरी एअर घेती." डिझेलच्या नळ्या बदलल्या, क्लिपा नव्या, पंपाचा पडदा नवा. मी टाकीचं झाकण काढलं, त्यानं काठी घालून बघितलं, तळाला गाळ असेल म्हणून. काठी स्वच्छ. मग दोघं घाट उतरून परत चढून आलो. गाडी निम्म्या टाकीवर पाण्यासारखी पळाली. मिस्त्री शिट्टी वाजवत होता.

"अण्णा, तुमी नवसबिवस बोललात का तिला? माझ्यासमोर शहाण्या सुनंसारखी वागती."

येताना पंपावर तोंडापर्यंत भरून घेतलं. उद्या कशालाही थांबायचं नाही. जायचं, पोचायचं.

गुरुवार, १३ नोव्हें.

पलंग गेला.

साडेसातला निघालो. नऊपर्यंत आरामात पोचतो. फाटा ओलांडून टेकाच्या चढाला बंद. हा चढ लेकरं सायकलनं चढतात. मी म्हणालो, घाट तर अजून लांब आहे, इथं काय तुझं. हातपंप मारला. नाही. परत मारला, बोटाची साल गेली. नाही. टाकी काल तोंडापर्यंत भरलेली, ती बघायचं कारण नव्हतं. स्टार्टर, स्टार्टर, स्टार्टर. शेवटी बॅटरी पण कण्हायला लागली.

रस्त्यावर माणूस नाही. सगळे उसात. नऊ वाजले. ही म्हणाली, "बसा जरा सावलीला." मी बसलो नाही. साडेनऊ. मिस्त्रीला फोन, उचलत नाही. दत्ताचा नंबर काढला आणि ठेवला.

पावणेअकराला एक ट्रॅक्टरवाला आला, अनोळखी. उतरला, म्हणाला, "डिझेल हाय का बाबा?" मी चिडून म्हणालो, काल तोंडापर्यंत भरलंय. तरी त्यानं झाकण सोडून बोट घातलं. हाय की, म्हणाला, आणि झाकण सैलसंच बसवलं. साखळी बांधून ओढली, गेर टाकून क्लच सोडला आणि लागली. पहिल्या ओढीला.

बीडला पोचायला बारा. सिस्टर म्हणाली, मावशी, अहो किती वाट बघितली. पलंगावर दुसरी बाई. उद्याही जागा नाही, दोन मशीनी बंद आहेत, सोमवारी आठलाच या. पाणी अगदी कमी, केळ नाही, टमाटा नाही.

मी तिथं हात जोडले. सगळ्यांसमोर. ही मला दंडाला धरून बाहेर घेऊन आली. खरं तर मी तिला आणायला पाहिजे होतं.

येताना घाट एकदाही बंद न पडता चढली. रांड.

शुक्रवार, १४ नोव्हें.

सकाळी तोंड सुजलेलं. पायावर बोट दाबलं की खड्डा राहतो. सारखी पाणी मागते. मी तांब्या उचलून कपाटात ठेवला. बर्फाचा खडा मिळाला असता तर. वस्तीवर फ्रिज एकाच घरात, त्याला कुलूप.

दत्ताला सांगितलं नाही.

शनिवार, १५ नोव्हें.

सकाळी दहाला दम लागला. आडवं होता येईना. जीपकडं गेलो, चावी हातात घेतली, आणि चावी फिरवायची भीती वाटली. एवढी भीती मला आयुष्यात कधी वाटली नाही. टेकाच्या चढाला बंद पडली तर तिथंच.

सरकारी ॲम्ब्युलन्सला फोन केला. पाऊण तासात आली. चांगली माणसं. दवाखान्यात लगेच ऑक्सिजन लावला, दुपारी तातडीचं मशीन केलं. डॉक्टर म्हणाले, बाबा, छातीत पाणी भरत चाललं होतं, आणखी एक दिवस काढला असता तर अवघड होतं.

मग दत्ताला फोन केला. सगळं सांगितलं. मी हॅलो हॅलो करत राहिलो.

रविवार, १६ नोव्हें.

दत्ता आला. आईच्या उशाशी बसला, माझ्याकडं बघितलं नाही. दुपारी मला बाहेर नेऊन चहा घेतला. हळू आवाजात बोलत होता, ओरडला असता तर बरं झालं असतं.

"अण्णा, तुम्ही वीस वर्षं गाडी चालवली. गाडी बिघडलेली असताना सवारी बसवायची नाही, हे तुम्हीच मला सांगायचे."

मी म्हणालो, सवारी आणि तुझी आई यात फरक आहे. तो म्हणाला, तेच तर.

म्हशीचं बोललो काहीतरी.

सोमवार, १७ नोव्हें.

मशीन झालं, सुट्टी मिळाली. दत्तानं भाड्याची गाडी करून घरी सोडलं. हीच म्हणाली त्याला, "मला लगेच नको नेऊ. पंधरा दिवस बघू." त्यानं मान्य केलं, पण अट घातली. गुरुवारी आणि सोमवारी जीपनं जायचं असेल तर मिस्त्रीकडून बिघाड सापडल्यावरच. नाही सापडला तर भाड्याची गाडी, पैसे तो पाठवेल. आणि चढाला जरा जरी काही झालं, एवढंसं, तर खरं सांगायचं. मग तो येऊन घेऊन जाणार.

"शपथ घ्या." मी आईची शपथ घेतली, त्याच्या आईची.

मंगळवार, १८ नोव्हें.

सापडलं. लिहवत नाही पण लिहितो.

मिस्त्रीला वाचता येतं ते उर्दू. म्हणाला, वही वाचून दाखवा. मी फक्त गाडीच्या ओळी वाचत होतो. टाकी फुल्ल, बंद एक. टाकी निम्मी, बंद नाही. फुल्ल, बंद तीन. तो पान्यानं जमिनीवर रेघा ओढत ऐकत होता. वाचता वाचता चुकून पुढं गेलो, पाणी प्यायला गोठ्याकडं जातो हे पण वाचून बसलो. थांबलो. मिस्त्री खाली बघत म्हणाला, "पुढं वाचा अण्णा."

तेरा तारीख वाचली. ट्रॅक्टरवाल्यानं झाकण सोडलं आणि पहिल्या ओढीला लागली. तिथं त्यानं हात वर केला.

"परत वाचा. तुमी सकाळी झाकण उघडलं न्हवतं?"

न्हवतं.

"आन घाटात दर वेळी उघडलं?"

दर वेळी. डिझेल बघायला.

तो उठला. जीपपाशी गेला. ट्रॅक्टरवाल्यानं सैल लावलेलं झाकण मी त्याच दिवशी घरी येऊन घट्ट बांधलं होतं, आज तसंच गॅरेजवर आणलं. झाकणावरची सुतळी सोडली आणि झाकण फिरवलं तसा फुस्स करून आत हवा ओढल्याचा आवाज आला. कुणी लांब श्वास घेतल्यासारखा. घाटात ट्रकांच्या आवाजात तो मला कधी ऐकू आला नव्हता.

मिस्त्रीनं झाकण हातात घेऊन उलटं केलं. आत सायकलच्या ट्यूबचं दुहेरी रबर कापून बसवलेलं. त्याच्या खाली प्लास्टिकची पिशवी. झाकणाचं बारीक भोक पिशवीनं बुजलेलं.

"हे कुणी केलं?"

मी म्हणालो, मी.

दसऱ्याच्या आधी केलं. टाकीचं तोंड हिच्या सीटच्या मागंच येतं. मशीनवरून आली की डिझेलच्या वासानं हिला ओकारी यायची, रस्त्यात दोनदा थांबावं लागायचं. म्हणून रबर कापलं. दोन थर दिले, वर पिशवी, वर सुतळी. वास एकदम बंद झाला. ती म्हणाली होती, आज बरं वाटलं. मला किती आनंद झाला होता त्या दिवशी.

मिस्त्रीनं पाण्याची बाटली घेतली, तोंडाला लावून ओढली, हवा आत जाऊ दिली नाही. बाटली चेपली आणि पाणी यायचं थांबलं. "असं होतंय अण्णा. डिझेल जातंय तेवढी हवा आत याया पायजे. रेस दिली की इंजन जोरात मागतंय, आन टाकी देईना. तुमी झाकण उघडलं की टाकीनं श्वास घेतला, गाडी चालू. टाकी निम्मी असली की आत हवा पुरती, घाट निभतो. फुल्ल केली की लगीच घुसमट."

मी काळजीनं टाकी भरत होतो. दर वेळी काळजीनं.

मग तो म्हणाला, चूक माझी पण हाय, मी दर वेळी झाकण काढूनच गाडी बघत होतो. भला माणूस आहे. ज्याच्या हातात त्या दिवशी काठी होती त्यानं असं म्हणणं वेगळं आणि ज्यानं रबर कापलं त्यानं ऐकणं वेगळं.

वीस वर्षं ड्रायव्हर. झाकणाला भोक असतं हे शेंबडं पोरगं सांगेल.

बुधवार, १९ नोव्हें.

रबर काढून टाकलं. मिस्त्रीनं भोक तारेनं साफ करून दिलं, वर पातळ फडकं बांधलं धुळीसाठी. हवेची नळी सीटपासून लांब, खाली काढून देतो म्हणाला, सामान बीडहून यायचंय.

दत्ताला फोनवर सांगितलं, बिघाड सापडला, टाकीत हवा जात नव्हती. तो म्हणाला, कशामुळं? मी म्हणालो, झाकणाचं भोक बुजलं होतं. कुणी बुजवलं ते त्यानं विचारलं नाही.

हिला काहीच सांगितलं नाही. छातीत पाणी भरलं होतं तिच्या. माझ्या हातानं कापलेलं रबर.

गुरुवार, २० नोव्हें.

टाकी फुल्ल करून गेलो. मुद्दाम. जाताना ठीक, येताना घाट एका दमात. बंद शून्य. मिस्त्रीला हात केला, थांबलो नाही.

पण वास. मांजरसुंब्याच्या पुढं हिला ओकारी आली. पोटात काही नाही, नुसती कोरडी. गाडी बाजूला घेतली, पाठीवरून हात फिरवला. पाठीची हाडं मोजता येतात.

शुक्रवार, २१ नोव्हें.

सकाळी सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "रबर काढलं काय तुमी?"

हो म्हणालो.

"कावून?"

मग सांगितलं. बाटलीसकट सगळं सांगितलं. बोलताना माझं नाक वाहत होतं, धोतरानं पुसत होतो. तिचा हात सुपात तसाच. मला वाटलं, आता म्हणेल, दत्ताला बोलवा.

म्हणाली, "ओकारीनं काय माणूस मरतं व्हय? मला इचारायचं तरी."

"तुला बरं वाटत होतं."

"वाटत व्हतं. म्हणून तर बोलले न्हाई." मग खडा वेचून लांब फेकला. "आता यातलं दत्ताला काय सांगू नका. त्यो तुमाला जलमभर ऐकवील. मी हाय की ऐकवायला."

तिनं मला माफ केलं की नाही ते कळलं नाही. दिवसभर नेहमीसारखीच बोलत होती. संध्याकाळी लिंबू मागितलं, सोमवारी नाकाला धरायला.

सोमवार, २४ नोव्हें.

हवेची नळी आली नाही. फडकं बांधून, टाकी फुल्ल घेऊन गेलो. जाताना ठीक. आठ पन्नासला पलंगावर. सिस्टर म्हणाली, बाबा, आज वेळेच्या आधी.

येताना ही लिंबू धरून बसलेली. पहिलं वळण, दुसरं वळण, हॉटेलची पाटी. तिच्याकडं बघून म्हणालो, बघ. ती हसली.

माथ्याच्या जरा खाली, जिथं चढ एकदम उभा होतो, तिथं रेस दिली आणि आवाज बसला. एक गचका. पाय उचलला नाही, श्वास सुद्धा घेतला नाही. मग आपोआप सावरली आणि चढली. वर आलो. थांबली नाही, कुठंच थांबली नाही.

ही म्हणाली, "काय झालं?"

गेर, म्हणालो.

"गेर तर टाकलाच न्हाई तुमी."

गॅरेजला कुलूप. मिस्त्री सोयरिकीला गेलाय, गुरुवारी दुपारी येणार. म्हणजे गुरुवारची सकाळ त्याच्याशिवाय. घरी येऊन झाकण उघडलं. फुस्स नाही. भोकात तार घातली, आरपार गेली. फडकं काढून तोंडाला लावून फुंकलं, हवा जाते. मग गचका कशाचा? नळीत राहिलेली एअर असेल. रस्त्यातला खड्डा असेल. खड्डा नव्हता. माझाच पाय हलला असेल. की आधीपासून दुसरंच काही होतं आणि रबर हे नुसतं

सहाला दत्ताचा फोन. हिनं घेतला. "न्हाई रे. कुठंच थांबली न्हाई." खरंच बोलली. थांबली नव्हतीच. मग म्हणाली, "हे घे, अण्णाशी बोल."

"अण्णा, चढाला काहीच झालं नाही ना? एवढंसं पण?"

मी म्हणालो, थांब रे, म्हशीनं दावं तोडलंय, मागनं लावतो. आणि बंद केला. म्हैस समोर बसून रवंथ करतेय.

त्याला अर्धा तास झाला. भाड्याच्या गाडीनं गुरुवारी जाता येईल, त्याची अडचण नाही. पण सांगितलं की तो रविवारी येणार, आणि तिची पिशवी भरणार. नाही सांगितलं आणि गुरुवारी टेकाच्या चढाला

ही ताट वाढून समोर बसली आहे. म्हणाली, "लावा एकदाचा. काय सांगायचं ते तुमी ठरवा. मला खूण करू नका."

नंबर काढून ठेवलाय. गचका एकच होता. एकच.